आठवी ब्रफ

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हा १९६२ चा सिनेमा साडेतीन तासांच्या वर आहे, म्हणजे सबमिशनच्या आठवड्यात बघायची गोष्ट नाही. पण पहिली काही मिनिटं तरी बघाच. वाळवंट नाही, उंट नाही. एक माणूस बाईक सुरू करतो, सुसाट निघतो आणि संपतो. मी तो सिनेमा उंटांसाठी लावला होता, आणि अडकलो त्या बाईकमध्ये. मग जमेल तेवढं वाचत गेलो, ते इथे सांगतो.

थॉमस एडवर्ड लॉरेन्सचा जन्म १८८८ चा, वेल्समधला. ऑक्सफर्डला इतिहास शिकला, सीरियाच्या बाजूला उत्खननात काम केलं, अरबी शिकला. पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्ध उठलेल्या अरबांबरोबर लढला, रेल्वे उडवल्या, १९१७ मध्ये अकाबा बंदर घेण्यात त्याचा हात होता. हे सगळं सिनेमात आहे, त्यामुळे मी पुढे सरकतो.

खरी गंमत पुढेच आहे. एवढा नावाजलेला कर्नल १९२२ मध्ये खोटं नाव घेऊन हवाई दलात साधा शिपाई म्हणून भरती झाला. वर्तमानपत्रांनी शोधून काढलं, त्याला बाहेर काढलं. मग दुसऱ्या नावानं रणगाडा दलात, आणि १९२५ मध्ये पुन्हा हवाई दलात. जानेवारी १९२७ मध्ये त्याची बदली झाली कराचीला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, म्हणजे कागदोपत्री हा गडी आपल्याच इलाख्यात नोकरीला होता! पुढे वायव्य सरहद्दीवर मीरनशाहला गेला. अफगाणिस्तानातल्या बंडामागे हाच हेर आहे अशी आवई उठली, तेव्हा सरकारनं जानेवारी १९२९ मध्ये त्याला मुंबईहून बोटीत बसवून परत पाठवलं.

या सगळ्यात त्याचं एकच व्यसन पक्कं होतं, ब्रफ सुपीरियर. नॉटिंगहॅमचा जॉर्ज ब्रफ या गाड्या गिऱ्हाईक बघून बांधायचा. व्ही-ट्विन इंजिन, हजार सीसीच्या आसपास, आणि एसएस १०० हे मॉडेल ताशी १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर जाणार याची कारखान्याकडून हमी. त्या काळचे टायर आणि ब्रेक डोळ्यांसमोर आणा आणि मग हा आकडा पुन्हा वाचा. लॉरेन्सनं एकामागून एक अशा सात गाड्या घेतल्या. आठवीची ऑर्डर दिलेली होती.

तो गाडी बेफाम चालवायचा, पण आडाणी नव्हता. यंत्राची जाण होती. १९३१ मध्ये प्लिमथजवळ हवाई दलाचं एक विमान समुद्रात पडलं, ते त्यानं स्वतः पाहिलं. बचावाच्या बोटी फार संथ, हे त्याला खटकलं. पुढची काही वर्षं तो वेगवान बोटींच्या चाचण्यांत गुंतला होता. पाणी कापत जाण्याऐवजी वेगात पाण्यावर उचलली जाणारी बोट, अशी ती रचना. दुसऱ्यांचा जीव वाचवायला त्यानं एवढं डोकं लावलं. स्वतःच्या डोक्यावर मात्र काही नसायचं. हेल्मेट निघालंच नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत १९१४ पासूनच ते सक्तीचं होतं. रस्त्यावर कोण घालतो, एवढाच मामला. (हे वाक्य आपल्या पार्किंगमध्येही रोज ऐकू येतं.)

लायसन्सचं म्हणाल तर तेव्हा परीक्षाच नव्हती. १९०३ च्या कायद्यानं पैसे भरले की लायसन्स हातात. १९३० च्या कायद्यानं मोटारी आणि बाईकवरची वेगमर्यादाच काढून टाकली. मग माणसं मरायला लागली, तशी १९३५ च्या मार्चमध्ये वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा परत आली, आणि १ जून १९३५ पासून नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली.

लॉरेन्स त्या तारखेच्या १३ दिवस आधी गेला. फेब्रुवारीत तो निवृत्त होऊन डॉर्सेटमधल्या आपल्या छोट्या घरी राहायला आला होता. १३ मे ला जवळच्या लष्करी छावणीत तार करायला गेला. रस्ता रोजचा. परतताना चढउतारामुळे पुढचं दिसेना, आणि समोर सायकलवरची दोन पोरं. त्यांना वाचवायला त्यानं गाडी वळवली आणि हँडलवरून पुढे फेकला गेला. चौकशीत एका साक्षीदारानं वेग ५० ते ६० मैल सांगितला. गाडी मात्र दुसऱ्या गिअरमध्ये सापडली, आणि त्या गिअरमध्ये ती ताशी ३८ मैलांपर्यंतच जायची. समोरून काळी मोटार आली होती की नाही, यावरही वाद आहे. मला त्या मोटारीपेक्षा ३८ चा आकडा जास्त अस्वस्थ करतो. म्हणजे ६० किलोमीटर. आपल्या गेटपासून हायवेपर्यंत जवळजवळ सगळे तेवढ्यानं जातात.

सहा दिवस तो बेशुद्ध होता. १९ मे ला गेला, वय ४६.

त्याच्यावर उपचार करणाऱ्यांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे ऑस्ट्रेलियात जन्मलेले मेंदूचे सर्जन होते. रोगी वाचला नाही, पण प्रश्न त्यांच्या मनातून गेला नाही. १९४१ मध्ये त्यांनी आकडे छापले. युद्धाआधीच्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये मोटारसायकलवरचे १८८४ लोक मेले होते. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत, पेट्रोलचं रेशनिंग असूनही, २२७९. रस्त्यावरचे दिवे बंद, आणि लष्कराचे निरोप्ये अंधारात गाड्या हाणतायत! हेल्मेट घातलेले फक्त सातच अपघातग्रस्त केर्न्सना मिळाले. सातही जगले. सात म्हणजे काही फार नाहीत, आपले स्टॅटिस्टिक्सचे सर हसतील. पण लष्करानं नोव्हेंबर १९४१ मध्ये ड्युटीवरच्या चालकांना हेल्मेट सक्तीचं केलं, आणि १९४६ मध्ये केर्न्सनी पुढचे आकडे मांडले, तेव्हा मृत्यूंचा आलेख उतरत गेलेला दिसत होता.

त्यांच्याबरोबर ऑक्सफर्डला होलबर्न नावाचे पदार्थवैज्ञानिक होते. त्यांनी कवटीच्या आकाराच्या साच्यात जिलेटिन भरून, ध्रुवित प्रकाशात ताण कुठे येतो ते पाहिलं. आपण लॅबमध्ये फोटोइलॅस्टिसिटी करतो, तेच. डोकं सरळ धक्क्यापेक्षा झटक्यानं फिरलं की मेंदूचं नुकसान जास्त, असं त्यांनी १९४३ मध्ये मांडलं. तो प्रयोग करताना हे आपल्याला कुणी सांगत नाही, हे मात्र खरं.

केर्न्स १९५२ मध्ये कॅन्सरनं गेले, वय ५६. ब्रिटनमध्ये सगळ्या बाईकवाल्यांना हेल्मेट सक्तीचं झालं १ जून १९७३ ला, म्हणजे त्यांच्या त्या पहिल्या लेखानंतर ३२ वर्षांनी.