डेब्रा अधिक इयन

कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू असलेलं मशीन वाट्याला आलं, की नवीन सॉफ्टवेअर टाकायला आपण टर्मिनल उघडतो आणि 'ॲप्ट इन्स्टॉल' टाइप करतो. हवं ते सॉफ्टवेअर, त्याला लागणाऱ्या बाकीच्या सगळ्या लवाजम्यासकट, आपोआप येऊन बसतं. पैसे द्यायचे नाहीत, क्रॅक शोधत बसायचं नाही. ही सोय ज्या घराण्यातून आली त्याचं नाव डेबियन. आणि या नावात चक्क एक लव्हस्टोरी आहे. डेब्रा ही गर्लफ्रेंड, इयन हा बॉयफ्रेंड. दोन नावं जोडली आणि झालं डेबियन!

यातला इयन म्हणजे इयन मर्डॉक. जन्म २८ एप्रिल १९७३चा, तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ गावातला. वाढला मात्र अमेरिकेत, इंडियाना राज्यात. वडील तिथल्या पर्ड्यू विद्यापीठात कीटकशास्त्राचे प्राध्यापक. पुढे इयनही त्याच विद्यापीठात शिकायला गेला.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. युनिक्ससारखी दमदार ऑपरेटिंग सिस्टीम विद्यापीठाच्या लॅबमधल्या महागड्या मशीनवर चालायची. ती घरी आणणं विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारं नव्हतं. अशात १९९१ साली फिनलंडमध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं. साध्या पीसीवर युनिक्ससारखं काहीतरी चालणार, ही बातमीच केवढी मोठी होती!

पण गोम अशी, की लिनक्स म्हणजे नुसतं इंजिन. त्याला चाकं, स्टिअरिंग, सीट जोडल्याशिवाय गाडी रस्त्यावर येत नाही. ही जुळवाजुळव करून दिलेल्या संचाला डिस्ट्रिब्युशन म्हणतात. तेव्हा 'एसएलएस' नावाचं डिस्ट्रिब्युशन लोकप्रिय होतं. ढीगभर फ्लॉपी एकामागून एक घालत बसायचं आणि शेवटी चुकांनी भरलेली सिस्टीम हाती यायची. त्या चुका वेळेवर दुरुस्तही व्हायच्या नाहीत.

इयन वैतागला. वैतागणारा तो एकटा नव्हता. पॅट्रिक फोल्करडिंग या दुसऱ्या तरुणाने त्याच एसएलएसची डागडुजी करून स्लॅकवेअर बनवलं आणि त्याची सूत्रं कायम स्वतःकडे ठेवली. तेही आज टिकून आहे. इयनने मात्र वेगळी वाट धरली. १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्याने यूजनेटवर, म्हणजे तेव्हाच्या चर्चांच्या कट्ट्यावर, डेबियनची घोषणा केली आणि लोकांकडून सूचना मागवल्या. तेव्हा त्याचं वय होतं फक्त २०.

त्या वयात आपल्याला एखादी भारी आयडिया सुचली की पहिली भीती वाटते ती कुणीतरी ढापेल याची. प्रोजेक्टची फाइल आपण ग्रुपमधल्या पोरांनासुद्धा डेडलाइनच्या आदल्या रात्री दाखवतो. इयनने आयडिया अर्धवट असतानाच चारचौघांत मांडली. हे काम एकट्याच्या आवाक्यातलं नाही, हे त्याला सुरुवातीलाच कळलं होतं. माझ्या मते त्याचं खरं मोठेपण इथेच आहे.

पण लोक गोळा केले की काम होतंच असं नाही, हे कुठल्याही गणेश मंडळात विचारा. मांडव एकाकडे, लायटिंग दुसऱ्याकडे, प्रसाद तिसऱ्याकडे अशी वाटणी नसेल तर नुसता गोंधळ. डेबियनमध्ये ही वाटणी 'पॅकेज'ने केली. प्रत्येक प्रोग्रॅमचं एक ठरावीक साच्यातलं पॅकेज करायचं आणि त्याची जबाबदारी कुणीतरी स्वयंसेवकाने घ्यायची. ही पॅकेजेस बसवणाऱ्या 'डीपीकेजी' या टूलची पहिली आवृत्ती इयनने १९९४मध्ये लिहिली. नंतर ती नव्याने लिहून काढली गेली. आपला कोड कुणीतरी पुसून नव्याने लिहावा, याचं वाईट वाटून घेणाऱ्याचं हे कामच नव्हे!

पैशाचं काय? नोव्हेंबर १९९४पासून वर्षभर रिचर्ड स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने डेबियनला आर्थिक हात दिला. बाकी सगळं मोकळ्या वेळात, मनापासून. अडचणीही आल्या. १९९५च्या अखेरीस एका सीडी कंपनीने डेबियनची अर्धवट तयार आवृत्ती '१.०' म्हणून विकायला काढली. लोकांचा घोळ होऊ नये म्हणून डेबियनने तो आकडाच सोडून दिला. त्यामुळे डेबियन १.० अधिकृतपणे कधी आलीच नाही, थेट १.१ आली.

ती आली तेव्हा इयन प्रमुख नव्हता. मार्च १९९६मध्ये त्याने सूत्रं ब्रूस पेरेन्स यांच्याकडे दिली आणि त्याच वर्षी कॉम्प्युटर सायन्सची डिग्री पूर्ण केली. ज्याला आपलं नाव दिलं तेच दुसऱ्याच्या हाती सोपवायचं, तेही २३व्या वर्षाच्या आत! पेरेन्स पिक्सार या ॲनिमेशन कंपनीत होते, म्हणून डेबियनच्या आवृत्त्यांना आजही 'टॉय स्टोरी'तल्या पात्रांची नावं मिळतात. १९९७मध्ये डेबियनने मुक्त सॉफ्टवेअर कशाला म्हणायचं याचे नियम ठरवले. पुढच्याच वर्षी 'ओपन सोर्स'ची अधिकृत व्याख्या झाली, ती याच नियमांवरून.

इयन पुढे प्रोजेनी ही कंपनी काढून बसला, सन मायक्रोसिस्टीम्समध्ये गेला आणि २०१५मध्ये डॉकरमध्ये रुजू झाला. डेब्राशी त्याचं लग्न झालं होतं, २००८मध्ये घटस्फोटही झाला. डेबियनचं नाव मात्र तेच राहिलं.

२८ डिसेंबर २०१५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये इयन गेला. वय ४२. त्या दिवशीच्या त्याच्या सोशल मीडियावरच्या पोस्ट अतिशय अस्वस्थ मनाच्या होत्या. तपासाअंती ही आत्महत्या असल्याचं स्पष्ट झालं. माणसाच्या मनात शेवटी काय चाललं होतं, यावर बाहेरून कुणी निकाल देऊ नये. पण जवळच्या कुणाचं लिहिणं-बोलणं असं अचानक बदललं, तर 'मूड ऑफ असेल' म्हणून पुढे स्क्रोल करू नका. लगेच फोन लावा, त्याच्यापर्यंत पोहोचा.

१७ जून १९९६ रोजी डेबियन १.१ आली तेव्हा तिच्यात ४७४ पॅकेजेस होती. बरोबर २१ वर्षांनी, १७ जून २०१७ला नववी आवृत्ती आली, तेव्हा हा आकडा ५१ हजारांवर गेला होता. ती आवृत्ती इयनला अर्पण केली होती. आज उबुंटू डेबियनवरच उभं आहे. आपल्या सी-डॅकने बनवलेली 'बॉस' ही भारतीय ऑपरेटिंग सिस्टीमही डेबियनवरच बेतलेली. डेबियनवाल्यांची जागतिक परिषद २०२३मध्ये कोचीला भरली होती.

आणि हो, डेबियन इन्स्टॉल करताना भाषांच्या यादीत मराठीही दिसते. कुणीतरी बसून त्यातली एकेक ओळ मराठीत आणली म्हणून ती तिथे आहे. यात हातभार लावायला भारी कोडिंग यावंच लागतं असं नाही. भाषांतर करता येतं, सूचना सोप्या करून लिहिता येतात, चूक दिसली तर कळवता येते. पुढच्या प्रॅक्टिकलला उबुंटूवर काही अडलं, तर सरांना हाक मारून झाल्यावर एक बग रिपोर्टही लिहून बघा. नेमकं काय बिघडलं ते नीट सांगणं, ही त्यातली पहिली पायरी. विसाव्या वर्षी इयननेही सुरुवात तिथूनच केली होती.