सरकारला जाब विचारणारे शिवराम जानबा

कुरकुंभ-दौंडकडून आपण १ जानेवारीला कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला जातो. १९२७ साली याच दिवशी पूज्य बाबासाहेब तेथे आले ते शिवराम जानबा कांबळे यांच्या निमंत्रणावरून. हे नाव घरातल्या मुलांना सांगा.

१८७५ साली जन्मलेले शिवराम जानबा पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलर होते. साहेबांच्या पंगती सांभाळणाऱ्या या माणसाने साहेबाच्याच सरकारला जाब विचारला. कशाचा? १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावे इंग्रजांनी स्वतः त्या स्तंभावर कोरली होती. पुढे १८९२ च्या सुमारास त्याच जातीची लष्करभरती बंद केली. म्हणे, ही जात लढाऊ नव्हे!

आपल्या शेजारच्या सासवडला शिवराम जानबांनी ५१ गावांचे महार जमवले. १९०३ साली १,५८८ सह्यांचा अर्ज मुंबई सरकारकडे गेला. शाळेची पायरी न चढलेल्या वस्त्यांतून एवढ्या सह्या जमवायच्या म्हणजे किती पायपीट, विचार करा. मागणी लष्कर-पोलिसांत प्रवेशाची. सरकारने ती मानली नाही.

त्यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ मासिक काढले आणि १९१० साली थेट विलायतेला, भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे दाद मागितली. न्यायी म्हणवणाऱ्या सरकारने स्पृश्यांची शिवाशिव आपल्या नोकऱ्यांत का पाळावी, हा त्यांचा रोकडा सवाल होता.

महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ साली सरकारला महार आठवले. पलटण उभी राहिली, युद्ध सरल्यावर मोडली. कायमची महार रेजिमेंट आली ती १९४१ साली.