कपोत, आजोबा आणि नाथांचं घर



आजचं वाचन एकनाथी भागवत, अध्याय सातवा. यदू राजा आणि अवधूत यांचा संवाद इथे सुरू होतो. चोवीस गुरूंची ती प्रसिद्ध यादी. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य, इथपर्यंत वाचताना काही त्रास होत नाही. आठवा गुरू मात्र टोचतो. तो आहे कपोत, म्हणजे पारवा. बायकोवर जीव, पिल्लांवर जीव, त्यांच्या चिवचिवाटात दिवस कसा जातो ते कळत नाही. एक दिवस दोघं चारा आणायला जातात, पारधी जाळं टाकतो आणि पिल्लं अडकतात. आई मागचापुढचा विचार न करता त्या जाळ्यात जाते. आणि बाप, समोर सगळं दिसत असताना, आपणहून त्यात जाऊन पडतो. पारध्याचं काम सोपं होतं. घरात असं गुंतू नका, म्हणून अवधूत हा पक्षी गुरू मानतो.

हा अध्याय आमच्या घरी चार महिन्यांपासून उघडाच पडून आहे.

झालं असं. बाबा निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी नाथांचं भागवत वाचतात. अंघोळ, देवपूजा, मग खिडकीजवळ पोथी, आणि खूण म्हणून एक जुनं मोरपीस. कधी खंड नाही. जानेवारीत आम्हाला मुलगी झाली आणि ते मोरपीस सातव्या अध्यायातच थांबलं. सकाळची वेळ आता तिच्या तेल-मालिशीची. ते झालं की कोवळं ऊन, मग खांद्यावर घेऊन गॅलरीत फेऱ्या. कूलरच्या स्टँडवर कबुतरांनी घरटं केलंय, ते तिला रोज दाखवायचं असतं. नागपुरात मे महिना लागला तरी त्यांनी मला त्या कूलरची खस बदलू दिलेली नाही. काहून तर म्हणे अंडी आहेत.

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण खोटं कशाला सांगू, आत कुठेतरी एक बारीक काटा होता. माझ्या लहानपणी बाबा बदलीच्या नोकरीत होते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली. शनिवारी रात्री यायचे, सोमवारी पहाटे निघायचे. त्यांनी मला खांद्यावर घेतल्याचं मला आठवत नाही. घेतलं असेलही. तर एका संध्याकाळी माझं प्रॉडक्शनवर काहीतरी फुटलं होतं, डोकं तापलेलं होतं, आणि बाबा तिला घेऊन कसलंसं बडबडगीत म्हणत हॉलमध्ये येरझारा घालत होते. मी पोथीकडे बोट दाखवून म्हणालो की बाबा, तुम्ही तर पार कपोत झालात.

ते हसले. मीही हसलो आणि लॅपटॉपकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोथी घेऊन बसले आणि खोलीचं दार ओढून घेतलं. बाहेर पोट्टी रडत होती. तिसऱ्या दिवशीही तेच. आईने मला स्वयंपाकघरात बोलावून हळू आवाजात विचारलं की तू त्यांना काय बोललास.

म्हणून आज अध्यायाऐवजी ज्यांनी हा अध्याय मराठीत आणला त्यांच्या घराबद्दल लिहितो. नाथांचे चमत्कार आपण सगळ्यांनी ऐकलेत. त्यांचं घर मात्र मी कधी नीट बघितलं नव्हतं. खालच्या बऱ्याच गोष्टी परंपरेने आलेल्या आहेत. महिपतीबुवांनी अठराव्या शतकात संतचरित्रं लिहिली, त्यात त्या येतात आणि कीर्तनकार आजही सांगतात.

पैठणचं हे घराणं भानुदासांचं. विजयनगरला नेलेली विठ्ठलाची मूर्ती पंढरपूरला परत आणली असं ज्यांच्याबद्दल सांगतात, ते हे भानुदास. त्यांचा मुलगा चक्रपाणी, चक्रपाणींचा मुलगा सूर्यनारायण, आणि सूर्यनारायण-रुक्मिणीच्या पोटी एकनाथ. मूल अगदी लहान असतानाच आई आणि वडील दोघंही गेले. मागे उरले आजोबा चक्रपाणी, आजी सरस्वती आणि हे लेकरू.

मी इथे बराच वेळ थांबलो. आपण एका ओळीत वाचून पुढे जातो की नाथांना आजी-आजोबांनी वाढवलं. पण त्या घराचा विचार करा ना. मुलगा आणि सून गेल्याचं दुःख गिळायचं आणि सकाळी उठून नातवाला न्हाऊमाखू घालायचं. आजोबा होणं म्हणजे म्हातारपणीचा मेवा, दुधावरची साय, असं आपल्याकडे म्हणतात. चक्रपाणींच्या वाट्याला नुसती साय आली नाही. त्यांना पुन्हा पहिल्यापासून बाप व्हावं लागलं. मुंज, विद्या, रामायण-महाभारताच्या गोष्टी, सगळं त्यांनीच केलं.

आणि मग हा नातू बाराएक वर्षांचा झाला आणि कोणाला न सांगता घरातून निघून गेला. गुरूच्या शोधात थेट देवगिरीला, जनार्दनस्वामींकडे. आपण ही गोष्ट नेहमी नाथांच्या बाजूने ऐकतो. केवढी तळमळ, केवढं वैराग्य! पैठणच्या त्या घरात त्या रात्री काय झालं असेल, हे मला आधी कधी सुचलंच नव्हतं. आता घरात चार महिन्यांचं मूल आहे, त्यामुळे सुचतं.

देवगिरीच्या दिवसांतली एक गोष्ट आम्हा आयटीवाल्यांना फार जवळची आहे. जनार्दनस्वामी किल्ल्यावरचे अधिकारी, आणि नाथांकडे त्यांच्या हिशेबाच्या वह्या. एकदा हिशेबात एका पैचा फरक येईना जुळायला. रात्र उलटत चालली तरी नाथ दिवा लावून शोधत बसले, आणि चूक सापडल्यावर आनंदाने टाळीच वाजवली. स्वामी जागे झाले आणि त्यांनी विचारलं की एका पैसाठी एवढी एकाग्रता, मग ती देवाकडे लावलीस तर काय होईल? रात्री तीनला बग सापडल्यावरची ती टाळी मला चांगली माहिती आहे. पुढचा प्रश्न विचारणारं कोणी नसतं एवढंच.

पुढे स्वामींनी नाथांना तीर्थयात्रेला पाठवलं. इकडे चक्रपाणींनी शोध सोडला नव्हता. अखेर ते देवगिरीला पोचले. आता बघा, समोर एक सिद्ध पुरुष आहे आणि दारात नातवासाठी झुरणारा एक म्हातारा. स्वामी त्यांना मोहाबद्दल दोन शब्द ऐकवू शकले असते. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी नाथांच्या नावाने पत्र लिहून दिलं: जिथे हे पत्र हातात पडेल तिथेच थांब, लग्न कर, संसार कर. आजोबांनी ते पत्र जपून ठेवलं. यात्रेहून फिरत फिरत नाथ पैठणला आले, घरी न जाता बाहेरच उतरले, तेव्हा चक्रपाणींनी त्यांना गाठलं आणि पत्र हातात दिलं. गुरूची आज्ञा म्हणून नाथ त्याच जागी थांबले. घर तिथेच उभं राहिलं असं सांगतात.

म्हणजे नाथांचा सगळा संसार, ज्याला आपण परमार्थाचा नमुना म्हणतो, तो एका आजोबांच्या हट्टातून उभा राहिला. चक्रपाणी कपोत होते का? असतील. पण त्यांनी शोध सोडून दिला असता तर नाथ पैठणला राहिले असते की नाही, कोण जाणे.

नाथांनी गिरिजाबाईंशी लग्न केलं. एक मुलगा, हरी, आणि मुली. पहाटे उठून गोदावरीचं स्नान, पूजा, वाचन, दुपारी पुराण, रात्री कीर्तन, आणि मधल्या वेळात पंगत. पंगतीला कोण येईल याचा नेम नाही. घरात उद्धव नावाचा सेवक होता. श्रीखंड्या नावाचा पाणक्या होता, तो प्रत्यक्ष कृष्ण होता असं पुढे उलगडलं. पैठणचा तो रांजण आजही लोक श्रद्धेने भरतात. पुरणपोळीच्या लोभाने येऊन राहिलेला गावबा नावाचा एक पोरगाही होता, ज्याला गाव वेडगळ म्हणायचं. नाथांचं भावार्थ रामायण युद्धकांडात अपुरं राहिलं तेव्हा ते पुरं केलं या गावबाने. घरात जेवायला येणाऱ्या पोरातून काय निघेल सांगता येत नाही.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट गिरिजाबाईंची. नाथांना राग आणून दाखवला तर पैसे मिळतील, या पैजेवर एक जण त्यांच्या घरी आला. काही केल्या नाथ चिडेनात. शेवटी गिरिजाबाई वाढायला वाकल्या तेव्हा तो त्यांच्या पाठीवरच चढून बसला. नाथांनी बायकोला सांगितलं की सांभाळ, पाहुणे पडतील. आणि त्या माउलीने उत्तर दिलं की पडू देणार नाही, हरीला पाठीवर घेऊन काम करायची सवय आहे मला. कीर्तनात इथे हशा पिकतो. मला आता त्यात वेगळंच दिसतं. ती शांती कुठल्या गुहेत कमावलेली नव्हती. लेकरू पाठीवर घेऊन भाकऱ्या थापताना आलेली होती. नाथांच्या भारुडांत सासू, नणंद, दादला, विंचू, जोगवा हे सगळं येतं ते उगीच नाही. घरातल्या कटकटी त्यांनी कान देऊन ऐकल्या होत्या.

घर म्हणजे सगळं गोडच होतं असंही नाही. हाच हरी पुढे मोठा विद्वान झाला, हरिपंडित. वडील मराठीत पुराण सांगतात, कुणाच्याही घरी जेवतात, हे त्याला पटेना. तो रुसून काशीला गेला. नाथ त्याला आणायला गेले, तर त्याने अट घातली की मराठीत पुराण सांगायचं नाही आणि परान्न घ्यायचं नाही. नाथांनी ती मान्य केली! ज्यांनी कशासाठीही मराठी सोडली नाही, त्यांनी मुलाला घरी आणण्यासाठी ती सोडली. पैठणला पुराण हरिपंडित सांगू लागला आणि श्रोते हळूहळू आटले. मग एका गरीब बाईचा सहस्रभोजनाचा संकल्प होता, ऐपत नव्हती, म्हणून तिने एकट्या नाथांना जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर हरिपंडित उष्टी पत्रावळ उचलायला गेला, तर तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, अशा हजार निघाल्या. मुलगा वडिलांच्या पाया पडला.

ही गोष्ट मी आधीही वाचली होती. या वेळी मात्र हरिपंडिताच्या जागी स्वतःला बघून मान खाली गेली. शास्त्र पाठ असलेला मुलगा वडिलांना नियम शिकवतोय. मी तरी दुसरं काय केलं होतं?

आणि आता नातू. नाथांच्या मुलीचा मुलगा म्हणजे मुक्तेश्वर. वडील चिंतामणी मुद्गल. हो, तेच महाभारतवाले मुक्तेश्वर, ज्यांची आदि, सभा, वन, विराट आणि सौप्तिक ही पर्वं आज आपल्याकडे आहेत. हा नातू लहानपणी बोलत नव्हता असं सांगतात. मुकाच होता, आणि आजोबांच्या कृपेने त्याला वाचा फुटली. चमत्कार मानायचा की नाही हे तुमच्यावर सोडतो. मला फक्त एवढं दिसतं की दिवसभर ग्रंथ, कीर्तन आणि पंगतीत असलेल्या माणसाने एका न बोलणाऱ्या लेकरासाठी वेळ काढला होता. आणि नातवाने आजोबांची नक्कल केली नाही हे मला फार आवडतं. नाथांची ओवी समजावून सांगणारी, मुक्तेश्वरांची चित्रं रंगवणारी, नटलेली.

एक तपशील राहिला. भागवताचे पहिले पाच अध्याय नाथांनी पैठणला लिहिले आणि उरलेले काशीत. ग्रंथ 1573 मध्ये पुरा झाला. म्हणजे सातवा अध्याय, कपोताचा, लिहिला गेला घरापासून इतक्या दूर, गंगेच्या काठी. पिल्लांची ती किलबिल लिहिताना त्यांना पैठणचं घर आठवलं नसेल का? त्यांना शोधत देवगिरीपर्यंत गेलेला म्हातारा आठवला नसेल का? लिहून ते परत आले, ते त्याच घरात. पुढे 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तीही इथेच. 1599 च्या फाल्गुन वद्य षष्ठीला गोदावरीत देह ठेवला, तोही याच गावात.

आणि ती यादी पुढे वाचली की नवव्या अध्यायात चोवीस गुरूंमध्ये आणखी एक जण भेटतो. मान नाही, अपमान नाही, चिंता नाही, आपल्यातच खेळणारं लहान मूल. कपोत आणि बालक, दोघंही एकाच अवधूताचे गुरू. मी बाबांना एकच सांगितला होता.

परवा सकाळी बाबा दार ओढून बसले होते. मी पोट्टीला उचललं, दार उघडलं आणि काही न बोलता त्यांच्या मांडीवर ठेवून आलो. दहाचा स्टँडअप होता, पण कॅमेरा बंद करून कान तिकडेच लावले. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग बाबा तिला आपल्या वऱ्हाडी बोलीत पारव्याची गोष्ट सांगायला लागले. त्यांच्या गोष्टीत पारधी येतो, जाळं टाकतो, पण कूलरवरची कबुतरं उडून जातात. अध्यायात असं नाही, हे मला माहीत आहे. या वेळी मी दुरुस्त केलं नाही.

आज मोरपीस चार ओव्या पुढे सरकलंय. त्याचं एक टोक ओलं आहे, कारण ते तिच्या तोंडात जाऊन आलंय.

उद्या आठवा अध्याय, अजगरापासून. राम कृष्ण हरी.