अरबी अजान परत आणणारा पंतप्रधान फासावर का गेला?

तुर्कस्तानात १९३२ पासून अजान अरबीत नाही, तर तुर्की भाषेत व्हायची. पुढे १९४१ मध्ये अरबीत अजान दिली तर थेट तुरुंग, असा कायदाच झाला. १६ जून १९५० ला संसदेने ही बंदी उठवली. रमजान तोंडावर होता आणि नव्या सरकारला महिनासुद्धा झाला नव्हता.

पंतप्रधान होते अदनान मेंदेरेस.

आता गंमत बघा. हा माणूस मौलवी वगैरे अजिबात नव्हता. १८९९ चा जन्म, आयदिन भागातलं बडं जमीनदार घराणं, इझमीरच्या अमेरिकन कॉलेजात शिक्षण, अंकाऱ्यात कायद्याची पदवी. १९३१ पासून तर ते अतातुर्कच्याच पक्षाचे खासदार होते. पक्षाशी बिनसलं तेही धर्मावरून नाही, जमीन सुधारणेच्या कायद्यावरून. १९४६ मध्ये जलाल बायार यांच्यासोबत त्यांनी डेमोक्रॅट पक्ष काढला आणि १४ मे १९५० च्या निवडणुकीत २७ वर्षांची सत्ता उलथवली. खेड्यापाड्यातला भाविक शेतकरी त्यांच्या मागे उभा राहिला होता.

१९५१ मध्ये इमाम घडवणाऱ्या इमाम-हातिप शाळा सुरू झाल्या. पण त्याच वर्षी तिजानी पंथाचे लोक अतातुर्कचे पुतळे फोडू लागले, तेव्हा अतातुर्कच्या स्मृतीचा अपमान हा गुन्हा ठरवणारा कायदाही मेंदेरेस सरकारनेच केला. तो आजही लागू आहे.

१९५९ मध्ये लंडनजवळ त्यांचं विमान कोसळलं. बरेच सहप्रवासी गेले, मेंदेरेस वाचले. देवानेच राखलं, असं समर्थकांना वाटलं.

सत्ता मात्र डोक्यात जात होती. महागाई वाढली, पत्रकार तुरुंगात गेले. १९५५ मध्ये इस्तंबूलमधल्या ग्रीकांची दुकानं आणि चर्च जमावाने फोडली, त्याचं बालंटही सरकारवर आलं. एप्रिल १९६० मध्ये तर विरोधकांच्या चौकशीसाठी फक्त स्वतःच्या पक्षाच्या खासदारांची समिती नेमली आणि वर्तमानपत्रं बंद करण्याचे अधिकारही तिला दिले.

२७ मे १९६० ला लष्कराने सत्ता घेतली. यासिआदा बेटावर खटला चालला. त्यात त्यांचं खासगी आयुष्यही चव्हाट्यावर आणलं गेलं. त्या प्रकरणात ते निर्दोष सुटले. फाशी झाली ती संविधान मोडल्याबद्दल. त्यामुळे सेक्युलर लष्कराने धार्मिक नेत्याला संपवलं, ही आज सांगितली जाणारी गोष्ट अर्धीच खरी आहे.

१७ सप्टेंबर १९६१ ला इमराली बेटावर त्यांना फासावर चढवलं आणि तिथेच पुरलं. १९९० मध्ये त्यांचे अवशेष सरकारी इतमामात इस्तंबूलला आणण्यात आले.