तीन पिळांचा धागा

सुरकुतलेली त्वचा, आखडलेले सांधे, ठिसूळ झालेली हाडे ही वार्धक्याची लक्षणे सर्वांच्या परिचयाची आहेत. ती शरीराच्या वेगवेगळ्या भागांत दिसत असली, तरी या सर्व भागांना बांधून ठेवणारा मुख्य पदार्थ एकच आहे. त्याचे नाव कोलॅजेन. मानवी शरीरातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे पाव ते एक तृतीयांश भाग या एकाच प्रथिनाचा असतो. या धाग्याची वीण कशी आहे, हे उलगडण्याचे काम तेव्हाच्या मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत झाले. ते करणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन.

रामचंद्रन यांचा जन्म 8 ऑक्टोबर 1922 रोजी केरळातील एर्नाकुलम येथे झाला. वडील महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. त्यामुळे आकड्यांची गोडी घरातच लागली. तिरुचिरापल्ली येथे पदवी घेऊन 1942 मध्ये ते बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दाखल झाले, ते विद्युत अभियांत्रिकी शिकण्यासाठी. परंतु तेथे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी या तरुणाची बुद्धी हेरली आणि त्याला भौतिकशास्त्राकडे वळवून घेतले. पुढे केंब्रिजला दोन वर्षे संशोधन करून रामचंद्रन मायदेशी परतले.

1952 मध्ये मद्रास विद्यापीठाने भौतिकशास्त्राचा नवा विभाग उघडायचे ठरवले. कुलगुरू डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांनी विभागप्रमुखाचे पद प्रथम रामन यांना देऊ केले. रामन यांनी ते नाकारले आणि आपल्या शिष्याचे नाव सुचवले. त्या वेळी रामचंद्रन यांना तिसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

त्याच सुमारास ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले होते. कोलॅजेनच्या रचनेविषयी तोवर मांडलेली कोणतीही कल्पना समाधानकारक नाही, असे त्यांच्या बोलण्यात आले. अमेरिकेतील लायनस पॉलिंग यांच्यासारख्या नामवंतानेही 1951 मध्ये एक रचना सुचवली होती, पण ती प्रयोगांशी जुळत नव्हती. रामचंद्रन यांनी हा प्रश्न हाती घेतला.

काम सुरू करायचे, तर शुद्ध कोलॅजेन हवे. विद्यापीठाच्या गिंडी येथील प्रयोगशाळेपासून जवळच अड्यारला केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती. कातडे कमावणे म्हणजे वस्तुतः कोलॅजेनवरच प्रक्रिया करणे, त्यामुळे हा शेजार मोठा सोयीचा ठरला. क्ष-किरणांची सर्वांत स्पष्ट छायाचित्रे मिळाली ती कांगारूच्या शेपटीतील कंडरेपासून. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी म्हणजे कंडरा. ती कोलॅजेनचीच बनलेली असते. क्ष-किरण अशा तंतूतून जाताना विखुरतात आणि पट्टीवर ठिपके उमटवतात. त्या ठिपक्यांवरून अणूंची मांडणी ताडायची, हे काम चिकाटीचे तितकेच कल्पनाशक्तीचे होते.

रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्ता यांना एक गोष्ट विशेष वाटली. कोलॅजेनमधील अमिनो आम्लांपैकी जवळजवळ एक तृतीयांश ग्लायसीन हे सर्वांत लहान आम्ल होते. मग साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसीनच असले पाहिजे. तसे का? कारण तीन साखळ्या एकमेकींना अगदी चिकटून पीळ घेत असतील, तर आतल्या बाजूस याहून मोठे काही मावणारच नाही. 1954 मध्ये त्यांनी तीन साखळ्यांची रचना प्रसिद्ध केली आणि पुढच्याच वर्षी ती सुधारली. या साखळ्या वेणीच्या पेडांप्रमाणे गुंफलेल्या नसून दोराच्या पेडांप्रमाणे एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, असे त्यांनी दाखवले.

केंब्रिजहून फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी त्यावर आक्षेप घेतला. या रचनेत काही अणू वाजवीपेक्षा फार जवळ येतात, असे त्यांचे म्हणणे होते. क्रिक यांचे नाव डीएनएच्या शोधामुळे जगभर झाले होते. मद्रासच्या तरुण प्राध्यापकाने गप्प बसावे, असाच हा प्रसंग. रामचंद्रन यांनी मात्र मूळ प्रश्नच विचारायला घेतला: दोन अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात? व्ही. शशीशेखरन आणि सी. रामकृष्णन यांच्यासह त्यांनी ज्ञात रेणूंमधील अंतरे तपासली. त्यातून 1963 मध्ये एक आलेख तयार झाला. प्रथिनाची साखळी कोठे आणि किती वळू शकते, हे तो दाखवतो. रामचंद्रन आलेख या नावाने तो आज जगभर शिकवला जातो आणि नव्या प्रथिनाची रचना बरोबर आहे की नाही, हे त्यावरच पडताळले जाते.

वादाचा निकाल काही अंशी दोन्ही बाजूंनी लागला. साखळ्यांमधील बंधांची संख्या रामचंद्रन यांनी मानली त्याहून कमी आहे, हे पुढे मान्य झाले. तीन पिळांची मूळ कल्पना मात्र टिकली. 1994 मध्ये कोलॅजेनसारख्या एका रेणूच्या स्फटिकावरून ती स्पष्टपणे दिसली.

या पिळाचा वार्धक्याशी निकटचा संबंध आहे. पीळ घट्ट असल्यामुळेच कोलॅजेन सहजासहजी तुटत नाही. सांध्यांच्या कूर्चेतील कोलॅजेन तर प्रौढपणी जवळपास बदललेच जात नाही. जे बदलत नाही, त्यावर काळाच्या खुणा साचत जातात. रक्तातील साखर या तंतूंना हळूहळू चिकटते आणि शेजारच्या तंतूंमध्ये नको असलेले सांधे निर्माण करते. मग कंडरा व रक्तवाहिन्या ताठर होतात. त्वचेत नवे कोलॅजेन वयानुसार कमी तयार होते आणि उन्हाने जुने तुटते, म्हणून सुरकुत्या पडतात. क जीवनसत्त्व न मिळाल्यास पीळच नीट बसत नाही. स्कर्व्ही या रोगात तरुणाच्याही हिरड्यांतून रक्त येते, ते यामुळेच.

मुदलियार 1969 मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर थोड्याच काळात रामचंद्रन मद्रास सोडून बंगलोरला गेले आणि तेथे रेणवीय जीवभौतिकीचा विभाग उभारला. सीटी स्कॅनमधील चित्र जुळवण्याची एक गणिती पद्धतही त्यांनी 1971 मध्ये ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह मांडली. 1977 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

त्यांचे स्वतःचे वार्धक्य कष्टाचे गेले. कंपवाताने शरीर जखडले. हा मेंदूतील पेशींचा रोग. ज्या धाग्याचा त्यांनी शोध घेतला, त्याच्याशी त्याचा संबंध नव्हता. 1998 मध्ये पत्नी राजलक्ष्मी यांचे निधन झाले आणि ते अधिकच एकाकी झाले. 1999 मध्ये स्फटिकशास्त्रातील मानाचे एवाल्ड पारितोषिक त्यांना जाहीर झाले. 7 एप्रिल 2001 रोजी चेन्नईतच त्यांचे निधन झाले. अड्यारच्या चर्म संशोधन संस्थेतील सभागृहाला ट्रिपल हेलिक्स, म्हणजे तिहेरी पीळ, असे नाव दिलेले आहे.