विश्लेषण : घटनादुरुस्ती सुचवण्याचा अधिकार राज्यांना कुणी मिळवून दिला? राज्यघटनेवर सही नाकारणाऱ्या जॉर्ज मेसन यांची गोष्ट

अमेरिकेत शिकायला गेलेल्या किंवा जाऊ पाहणाऱ्या अनेक मराठी विद्यार्थ्यांना जॉर्ज मेसन हे नाव व्हर्जिनियातल्या विद्यापीठामुळे माहीत असते. ज्यांच्या नावाने हे विद्यापीठ आहे, त्या मेसन यांनी अमेरिकेची राज्यघटना तयार करण्यात चार महिने घालवले आणि शेवटच्या दिवशी तिच्यावर सही करायला नकार दिला. तरीही त्या घटनेतले एक महत्त्वाचे कलम आज ज्या रूपात आहे, ते त्यांच्या हट्टामुळे. राज्यांच्या विधिमंडळांना घटनादुरुस्तीची प्रक्रिया स्वतःहून सुरू करता यावी, अशी ती तरतूद आहे.

अमेरिकेच्या घटनेतील अनुच्छेद ५ नुसार दुरुस्ती सुचवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश बहुमताने प्रस्ताव संमत करणे. दुसरा, दोन तृतीयांश राज्यांच्या विधिमंडळांनी काँग्रेसकडे अर्ज करणे. तसे अर्ज आले की काँग्रेसला घटनादुरुस्ती परिषद बोलवावीच लागते आणि दुरुस्तीचा मजकूर ती परिषद ठरवते. म्हणजे विधिमंडळे थेट मजकूर मंजूर करत नाहीत, ती परिषदेची मागणी करतात. आजच्या ५० राज्यांच्या हिशेबाने त्यासाठी ३४ अर्ज लागतात. दुरुस्ती कुठल्याही मार्गाने आली, तरी तिला तीन चतुर्थांश, म्हणजे ३८ राज्यांची संमती मिळावी लागते.

आजवर काँग्रेसने ३३ दुरुस्त्या राज्यांकडे पाठवल्या, त्यातल्या २७ मंजूर झाल्या. या सगळ्या पहिल्या मार्गाने आल्या. दुसऱ्या मार्गाने एकही नाही.

पोटोमॅकच्या काठावरचा जमीनदार

मेसन यांचा जन्म ११ डिसेंबर १७२५ रोजी व्हर्जिनियात झाला. ते नऊ वर्षांचे असताना वडील पोटोमॅक नदी ओलांडताना बोट उलटून बुडाले. आई अ‍ॅन यांनी मुलांना वाढवले आणि मालमत्ताही सांभाळली. मेसन महाविद्यालयात कधी गेले नाहीत. मात्र त्यांचे एक पालक जॉन मर्सर हे वकील होते आणि त्यांच्या घरी त्या काळातला मोठा ग्रंथसंग्रह होता. कायद्याचे जे काही ज्ञान मेसन यांनी कमावले, त्याचा पाया तिथे घातला गेला. त्यांनी वकिली कधी केली नाही, पण जमिनीचे हक्क आणि इंग्रजी सनदा यांच्यावर त्यांचे मत विचारले जाई.

१७५० मध्ये त्यांचे लग्न झाले आणि त्या दशकाच्या अखेरीस नदीकाठी ‘गन्स्टन हॉल’ हे घर उभे राहिले. काही मैलांवर माउंट व्हर्नन, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन यांचे घर. दोघे शेजारी, दोघे तंबाखूचे जमीनदार आणि दोघेही गुलामांचे मालक. १७७३ मध्ये पत्नीचे निधन झाले. बारापैकी नऊ मुले हयात होती. त्यात गाऊटचे जुने दुखणे. घर सोडून राजकारणात जाण्याचा मेसन यांना मनापासून कंटाळा होता. वॉशिंग्टन सेनापती झाले, तेव्हा जुलै १७७५ मध्ये व्हर्जिनियाच्या अधिवेशनातली त्यांची रिकामी जागा मेसन यांना घ्यावी लागली, तीही नाराजीनेच.

स्वतःच्या मसुद्यातली उणीव

१७७६ च्या मे महिन्यात ते विल्यम्सबर्गला उशिरा पोहोचले आणि आल्या आल्या समितीचे मुख्य लेखक बनले. व्हर्जिनियाचा हक्कांचा जाहीरनामा १२ जून रोजी संमत झाला. वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य, ज्युरीसमोर खटला, धर्माचरणाचे स्वातंत्र्य अशी यादी त्यात होती. सरकार लोकांच्या हिताचे राहिले नाही, तर ते बदलण्याचा अधिकार बहुसंख्य लोकांना आहे, असेही त्यात म्हटले होते. त्याच महिन्याच्या २९ तारखेला राज्याची घटनाही संमत झाली. तिच्या मसुद्यातही मेसन यांचा मोठा वाटा होता.

गंमत म्हणजे या राज्यघटनेत दुरुस्ती कशी करायची, हे कुठेच लिहिलेले नव्हते. हक्क कागदावर होता, पद्धत नव्हती. थॉमस जेफरसन यांनी पुढे या घटनेवर बरीच टीका केली, पण ती बदलायला १८३० साल उजाडले. अकरा वर्षांनी फिलाडेल्फियात मेसन घटनादुरुस्तीच्या पद्धतीवर इतके अडून बसले, त्यामागे हा अनुभव किती होता हे सांगणे कठीण आहे. देशपातळीवर काय चालले होते, ते मात्र त्यांना स्वच्छ दिसत होते.

तेरापैकी एक नकार

स्वातंत्र्यानंतर तेरा राज्ये ज्या कराराने बांधली होती, त्या ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’मध्ये कुठलाही बदल करायचा तर तेराच्या तेरा विधिमंडळांची संमती लागे. युद्धाचे कर्ज फेडण्यासाठी आयातीवर ५ टक्के कर लावण्याचा प्रस्ताव आला. बाकीची राज्ये तयार असताना १७८२ मध्ये ऱ्होड आयलंड या सर्वात छोट्या राज्याने नकार दिला आणि विषय संपला. पुढच्या प्रयत्नात न्यूयॉर्क आडवे आले. केंद्राची तिजोरी रिकामीच राहिली.

मे १७८७ मध्ये फिलाडेल्फियात परिषद भरली ती या पार्श्वभूमीवर. वॉशिंग्टन अध्यक्ष होते आणि मेसन ६१ वर्षांचे. सर्वाधिक बोलणाऱ्या सदस्यांत त्यांची गणना होते. ११ जूनला घटनादुरुस्तीचा मुद्दा निघाला, तेव्हा काहींना ही तरतूद अनावश्यक वाटली. मेसन यांचे म्हणणे सरळ होते. नव्या आराखड्यात दोष निघणारच. ते सुधारण्याची सोपी, नियमित आणि घटनात्मक वाट आधीच आखून ठेवावी, नाहीतर लोक ते योगायोगावर आणि हिंसेवर सोडतील. आणि दुरुस्तीसाठी राष्ट्रीय विधिमंडळाची परवानगी लागू नये, कारण कदाचित त्याच विधिमंडळाने सत्तेचा गैरवापर केलेला असेल.

दुसरा मुद्दा महत्त्वाचा आहे. यंत्रशाळेत एखाद्या पाइपलाइनवर एकच झडप असेल आणि नेमकी तीच अडकली, तर पूर्ण यंत्रणा थांबते. म्हणून शेजारून एक बायपास लाइन टाकून ठेवतात. मेसन यांना काँग्रेस नावाच्या झडपेशेजारी अशी लाइन हवी होती.

१५ सप्टेंबरचा शनिवार

ऑगस्टच्या पहिल्या मसुद्यात ही लाइन होती. दोन तृतीयांश राज्यांनी अर्ज करायचा आणि काँग्रेसने परिषद बोलवायची, एवढेच कलम होते. १० सप्टेंबरला मात्र ते उलटले. अलेक्झांडर हॅमिल्टन यांना वाटे की दुरुस्तीची गरज काँग्रेसला आधी कळेल आणि राज्ये फक्त स्वतःचे अधिकार वाढवण्यासाठी अर्ज करतील. जेम्स मॅडिसन यांनी नवी रचना मांडली. काँग्रेस स्वतः दुरुस्ती सुचवेल किंवा राज्यांनी अर्ज केले तर तीच सुचवेल. परिषद गायब झाली. त्याच दिवशी दक्षिणेतल्या सदस्यांनी आणखी एक गोष्ट पदरात पाडून घेतली, ती म्हणजे गुलामांच्या आयातीला संरक्षण देणाऱ्या तरतुदीला १८०८ पर्यंत घटनादुरुस्तीनेही हात लावता येणार नाही.

परिषदेचे काम संपत आले होते, सगळे घरी जायला उत्सुक होते. १५ सप्टेंबरला, शनिवारी, शेवटचे वाचन सुरू असताना मेसन उभे राहिले. दोन्ही वाटा अखेर काँग्रेसच्याच हातून जातात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. सरकार जुलमी झाले तर, आणि ते होईल असे त्यांना वाटत होते, लोकांना हवी ती दुरुस्ती कधीच मिळणार नाही. यावर गव्हर्नर मॉरिस आणि एल्ब्रिज गेरी यांनी परिषदेची तरतूद परत घालण्याचा प्रस्ताव मांडला. (गव्हर्नर हे मॉरिस यांचे नाव, पद नव्हे.) मॅडिसन यांनी विरोध केला नाही. मात्र परिषद कशी बनणार, तिची गणसंख्या किती, मतदान कसे होणार, असे प्रश्न उद्भवतील असे त्यांनी नोंदवले. प्रस्ताव विरोधाशिवाय मंजूर झाला. मॅडिसन यांच्या प्रश्नांची उत्तरे घटनेत आजही नाहीत.

मेसन त्या आठवड्यात जिंकले ते एवढेच. तीन दिवस आधी, १२ सप्टेंबरला, घटनेच्या सुरुवातीला हक्कांची सनद जोडावी असे त्यांनी सुचवले होते. राज्यांच्या जाहीरनाम्यांवरून ती काही तासांत तयार होईल, असेही सांगितले. एकाही राज्याने बाजूने मत दिले नाही. १५ तारखेलाच एडमंड रँडॉल्फ यांनी दुसरी सर्वसाधारण परिषद घेण्याची मागणी केली आणि मेसन यांनी तिला पाठिंबा दिला. तीही एकमुखाने फेटाळली गेली. १७ सप्टेंबरला ३९ जणांनी सह्या केल्या. हजर असूनही सही न करणारे तिघेच होते : मेसन, रँडॉल्फ आणि गेरी.

मेसन यांचे आक्षेप छापून फिरू लागले. सुरुवातच हक्कांची सनद नाही या वाक्याने होती. वॉशिंग्टन यांनी ते मनाला लावून घेतले आणि तीन दशकांची मैत्री जवळपास संपली. फेअरफॅक्स काउंटीत नव्या घटनेचे समर्थक जोरात होते. त्यामुळे जून १७८८ मध्ये रिचमंडला झालेल्या मान्यता परिषदेत मेसन यांना शेजारच्या स्टॅफर्ड काउंटीतून जावे लागले. पॅट्रिक हेन्री यांच्या साथीने ते लढले, पण २५ जून रोजी ८९ विरुद्ध ७९ मतांनी व्हर्जिनियाने घटना स्वीकारली.

वाट वापरण्याआधीच परिणाम

नोव्हेंबर १७८८ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने अनुच्छेद ५ खालचा अर्ज मंजूर केला. फेब्रुवारी १७८९ मध्ये न्यूयॉर्कने केला. तेव्हा ११ राज्ये घटनेखाली आली होती, म्हणजे ८ अर्ज पुरे होते. मॅडिसन यांना दुसरी परिषद नको होती, कारण तिथे नव्याने उभारलेले सगळे सरकारच पुन्हा चर्चेला आले असते. शिवाय निवडणुकीत त्यांनी मतदारांना दुरुस्त्यांचा शब्द दिला होता. ४ मे १७८९ रोजी त्यांनी प्रतिनिधी सभेत विषय मांडणार असल्याची सूचना दिली. दुसऱ्या दिवशी व्हर्जिनियाचा आणि त्यानंतरच्या दिवशी न्यूयॉर्कचा अर्ज सभागृहासमोर आला. ८ जूनला मॅडिसन यांनी दुरुस्त्या मांडल्या, सप्टेंबरमध्ये काँग्रेसने १२ राज्यांकडे पाठवल्या आणि १५ डिसेंबर १७९१ रोजी त्यातल्या १० लागू झाल्या. हीच अमेरिकेची ‘बिल ऑफ राइट्स’. मेसन यांच्या १७७६ च्या जाहीरनाम्याचा ठसा तिच्यावर ठळक दिसतो.

हीच पद्धत नंतरही दिसली. सिनेटर थेट जनतेने निवडावेत, हे सिनेटला अनेक वर्षे मान्य नव्हते. विधिमंडळांचे अर्ज वाढत गेले, तसा सिनेटचा विरोध वितळला आणि १९१३ मध्ये १७ वी दुरुस्ती झाली. समतोल अर्थसंकल्पासाठी १९८३ पर्यंत ३२ विधिमंडळांनी अर्ज केले होते. दोनच कमी पडले. पुढे काही राज्यांनी अर्ज मागे घेतले. तसे मागे घेता येतात का, वेगवेगळ्या विषयांवरचे अर्ज एकत्र मोजायचे का, बोलावलेली परिषद ठरलेल्या विषयाबाहेर गेली तर काय, यावर अमेरिकेतले कायदेपंडित आजही भांडतात.

राज्यांच्या स्वतःच्या घटनांबाबत मात्र एवढा गोंधळ नाही. विधिमंडळाने सुचवलेली दुरुस्ती ४९ राज्यांत मतदारांसमोर जाते. फक्त डेलावेअरमध्ये सलग दोन विधिमंडळांची मंजुरी पुरते. मेसन यांच्या व्हर्जिनियात आता दुरुस्ती विधिमंडळात दोनदा संमत व्हावी लागते, मध्ये कनिष्ठ सभागृहाची निवडणूक व्हावी लागते आणि मग मतदारांचा कौल घेतला जातो.

भारतात अशी वाट आहे का? नाही. अनुच्छेद ३६८ नुसार घटनादुरुस्ती विधेयक संसदेतच मांडता येते. काही विषयांवर किमान निम्म्या राज्यांची संमती लागते, तीही नंतर. १९४८ च्या मसुद्यात राज्यपाल निवडीची पद्धत आणि विधिमंडळाच्या सभागृहांची संख्या या दोन बाबींत राज्यांना दुरुस्ती सुरू करण्याची मुभा होती. अंतिम घटनेत ती राहिली नाही. तिचा धागा आता अनुच्छेद १६९ मध्ये दिसतो. विधान परिषद स्थापन किंवा रद्द करण्यासाठी आधी राज्याच्या विधानसभेने ठराव करावा लागतो. निर्णय संसदेचा.

गन्स्टन हॉलमधली शेवटची भेट

पहिल्या दुरुस्त्यांची बातमी आली, तेव्हा मेसन यांनी समाधान व्यक्त केले. आणखी दोन-तीन बदल झाले तर आपण ही घटना आनंदाने स्वीकारू, असे त्यांनी कळवले. १७९० मध्ये सिनेटची जागा देऊ केली गेली, ती त्यांनी नाकारली.

गुलामगिरीबाबतची त्यांची विसंगती शेवटपर्यंत सुटली नाही. फिलाडेल्फियात २२ ऑगस्टला त्यांनी गुलामांच्या व्यापारावर घणाघाती भाषण केले होते, ती प्रथा मालकालाच जुलमी बनवते असे बजावले होते. घरी मात्र त्यांनी आपले गुलाम मुक्त केले नाहीत. मृत्युपत्राने ते मुलांकडे गेले.

३० सप्टेंबर १७९२ रोजी जेफरसन गन्स्टन हॉलला आले. मेसन आजारी होते, पण फिलाडेल्फियातला अखेरचा पंधरवडा त्यांना लख्ख आठवत होता. न्यू इंग्लंडची राज्ये आणि दक्षिणेची दोन राज्ये यांच्यात गुलामांच्या आयातीवरून सौदा कसा झाला, ते त्यांनी सांगितले आणि जेफरसन यांनी ते टिपून घेतले. आठवड्याभराने, ७ ऑक्टोबरला मेसन यांचे निधन झाले. घराजवळच, पत्नीच्या शेजारी त्यांचे दफन करण्यात आले.