पॅट्रिक गेडिस

सर पॅट्रिक गेडिस (२ ऑक्टोबर १८५४ – १७ एप्रिल १९३२) हे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ व नगररचनाकार होते. शहर वाढू लागले की जुन्या गल्ल्या मोडून रुंद, सरळ रस्ते काढावेत, या तत्कालीन समजुतीला त्यांनी भारतात ठाम विरोध केला.

जीवन

बॅलेटर येथे जन्मलेल्या गेडिस यांनी लंडनमध्ये टॉमस हक्स्ली यांच्याकडे जीवशास्त्राचे शिक्षण घेतले. १८८६ मध्ये विवाहानंतर ते पत्नी ॲना यांच्यासह एडिंबरोच्या दाट, जुनाट वस्तीत राहावयास गेले आणि तेथील मोडकळीस आलेली घरे दुरुस्त करवू लागले. १९१५ मधील ‘सिटीज इन इव्होल्यूशन’ या ग्रंथात त्यांनी ‘कॉनर्बेशन’ हा शब्द योजला. पसरत जाणारी शहरे एकमेकांना मिळून होणारी सलग वस्ती, असा त्याचा अर्थ. महामार्गाच्या कडेने ओझरच्या दिशेने वाढणारे आजचे नाशिक पाहिले, तर अशा वाढीची सुरुवात कशी होते हे ध्यानात येते.

भारतातील कार्य

१९१४ मध्ये ते मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून भारतात आले. त्यांच्या प्रदर्शनाचे साहित्य आणणारे जहाज ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडविले. तरी नवे साहित्य जमवून १९१५ मध्ये त्यांनी मद्रासला प्रदर्शन भरविले.

नकाशा हाती घेऊन ते गल्लीबोळ पायी हिंडत. सरळ रस्त्यासाठी घरे पाडली की बेघर कुटुंबे शेजारच्याच वस्तीत दाटी करतात आणि रोगराई कमी न होता केवळ जागा बदलते, हा त्यांचा आक्षेप होता. त्याऐवजी एखाददुसरे पडके घर काढून बंद बोळ पुढच्या गल्लीस जोडावा, मोकळ्या झालेल्या जागी झाड लावावे, असे ते सुचवीत. या पद्धतीस त्यांनी जपून केलेल्या शस्त्रक्रियेची उपमा दिली. ती स्वस्तही होती. परंतु रुळलेल्या अभियंत्यांना ती फारशी रुचली नाही.

होळकरांच्या इंदूरमध्ये प्लेगचे सावट असताना त्यांनी दिवाळीची मिरवणूक सर्वांत स्वच्छ केलेल्या रस्त्यांवरून जाईल असे जाहीर केले. लोकांनी आपण होऊन घरे झाडली, दुरुस्त केली. इंदूरविषयीचा त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीच, १९१७ मध्ये, मुलगा अलास्डेर फ्रान्समधील रणभूमीवर मारला गेला होता आणि काही आठवड्यांतच ॲना यांचे भारतात निधन झाले होते. आजारी पत्नीपासून मुलाच्या मृत्यूची वार्ता त्यांनी लपवून ठेवली होती.

१९१९ ते १९२४ या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते. गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. पुढे गेडिस फ्रान्समधील माँपेलिए येथे स्थायिक झाले. १९२५ मध्ये त्यांनी तेल अवीवचा आराखडा केला. १९३२ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाल्यावर थोड्याच काळात माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले.